रोज बघणाऱ्यांची भिंत

प्रश्न: मी पुस्तकांसाठी आणि मासिकांसाठी चित्रं काढते, बहुतेक काम टॅब्लेटवरच. एका कंपनीनं मला त्यांच्या ऑफिसातल्या विश्रांतीच्या खोलीतली भिंत रंगवायला बोलावलंय. सगळे तिथेच जेवतात, गप्पा मारतात, फोनवर बोलतात. भिंत 22 फूट लांब आणि 9 फूट उंच आहे. कागदाबाहेर मी आजवर काही काढलेलं नाही. निर्णय सात जणांच्या समितीचा. एकाला लोगो मोठा हवा, एकीला कंपनीची मूल्यं ठळक अक्षरांत हवीत, तिसऱ्याला ‘काहीतरी एनर्जेटिक’. भिंतीच्या डाव्या कोपऱ्यात खाली पांढुरके पोपडे आलेत. ‘ते रंगाखाली झाकलं जाईल’ असं ॲडमिनचं म्हणणं. मी टेप लावून भिंत मोजत होते तेव्हा मागे कुणीतरी म्हणालं, ‘यापेक्षा खुर्च्या बदलल्या असत्या तर बरं झालं असतं.’ ते काही केल्या डोक्यातून जात नाही. काम घ्यावं का? आणि घेतलं तर सुरुवात कुठून करू? सही करायची असते का, हेही सांगा.
– भिंतीपुढे अडलेली

काम घ्या. फक्त तारीख इतक्यात कबूल करू नका. त्याचं कारण त्या डाव्या कोपऱ्यात आहे, तिकडे येतेच. आधी खुर्च्या.

ते बोलणं तुम्हाला लागलं हे बरं झालं. समितीनं तुम्हाला तीन मागण्या दिल्या, पण कामाची माहिती दिली ती त्या अनोळखी माणसानं. तो रोज त्या खोलीत बसतो, त्याची पाठ दुखते आणि भिंतीबद्दल त्याला कुणी विचारलेलं नाही. समितीतले किती जण तिथे बसून जेवतात, हे एकदा सहज काढून बघा. जे त्या खोलीत पाच मिनिटंही टेकत नाहीत त्यांचंच मत बऱ्याचदा सगळ्यांत ठाम असतं.

स्वागतकक्षातली भिंत पाहुण्यांसाठी असते. पाहुणा एकदा येतो, त्याला थांबवायचं असतं, म्हणून तिथे चित्र थोडं मोठ्यानं बोललं तरी चालतं. तुमच्या भिंतीसमोर मात्र तीच माणसं वर्षानुवर्षं बसणार आहेत. कुणी दमून, कुणी साहेबांचं ऐकून, कुणी घरचा फोन आटोपून. त्यांना हे चित्र सोसलं पाहिजे. अडचण अशी की मंजुरी देणारे तुमचं काम प्रोजेक्टरवर पाच मिनिटं बघून पसंत करणार, म्हणजे पाहुण्याच्याच नजरेनं. तुमचे पुढचे सगळे निर्णय या एका फरकावरून घ्या. समिती पटकन खूश होईल अशा गोष्टी आणि ती खोली वापरणाऱ्यांना महिन्याभरात नकोशा होतील अशा गोष्टी बहुतेक एकच असतात.

मूल्यांची अक्षरं घ्या. चित्राकडे माणूस काणाडोळा करू शकतो, मजकुराकडे नाही. डोळ्यांसमोर अक्षर आलं की ते वाचलंच जातं. ‘आम्ही एकमेकांचा आदर करतो’ हे वाक्य, नुकताच अपमान गिळून आलेल्या माणसाच्या ताटासमोर दोन फुटी अक्षरांत ठेवायचं का? विनोदाचंही तेच, तिसऱ्या दिवशी तो शिळा होतो आणि पुढची पाच वर्षं भिंतीवर राहतो. हातात हात घेतलेली हसरी माणसं, वर जाणारा बाण, पेटलेला बल्ब, एकमेकांत अडकलेली दातेरी चाकं हे सगळं तुमच्यासमोर येणारच आहे. कुणी वाईट हेतूनं सुचवत नाही. ऑफिसातलं चित्र म्हटलं की डोळ्यांसमोर तेच येतं, इतकंच.

मेक्सिकन भित्तिचित्रकार दिएगो रिव्हेराचं अमेरिकेतल्या डेट्रॉइटमधलं काम एकदा निवांत बघा. 1932 साली तिथल्या कलासंग्रहालयाच्या भिंतींसाठी पैसे दिले ते एडसेल फोर्डनं, म्हणजे मोटारींच्या मालकानं. रिव्हेरानं आल्याआल्या भिंतीला हात लावला नाही. आधी काही महिने तो फोर्डच्या रिव्हर रूज इथल्या कारखान्यात हिंडला, यंत्रं आणि माणसं कागदावर उतरवत राहिला. 27 फलकांच्या त्या चित्रमालेत फोर्डसाहेब आहेत, पण एका कोपऱ्यात. मोठ्या भिंतींवरची मधली जागा घेतलीय ती ओढणाऱ्या, उचलणाऱ्या, वाकलेल्या कामगारांनी.

तुम्हाला महिने मिळणार नाहीत, पण दोन-तीन वेळा तरी त्या खोलीत जाऊन बसा. एकदा भर जेवणाच्या वेळी, एकदा संध्याकाळी उशिरा, एकदा सफाईवाले काम करत असताना. स्केचबुक उघडायची घाई नको. माणसं कुठली खुर्ची आधी पकडतात, भिंतीकडे तोंड करतात की पाठ, एकटा आलेला माणूस कुठे टेकतो, हे बघा. लोकांशी बोलताना ‘भिंतीवर काय हवं?’ असं विचारू नका. मोर, धबधबा आणि लोगो यांपलीकडे उत्तर मिळणार नाही. ‘इथे बसल्यावर नजर कुठे जाते?’, ‘या खोलीतलं काय बघून कंटाळा आलाय?’ असं विचारा. यातून विषय मिळेलच असं नाही, पण काय टाळायचं ते पक्कं कळतं, आणि मोठ्या भिंतीवर अर्धी लढाई तिथेच जिंकली जाते.

खुर्च्यांचा मुद्दा तुम्ही वरपर्यंत पोचवू शकता, कुणाचं नाव न घेता. ॲडमिनला लेखी विचारा: ‘खुर्च्यांच्या पाठी भिंतीला किती उंचीवर लागतात, आणि नजीकच्या काळात फर्निचर बदलणार आहे का? त्यावर खालच्या पट्ट्याचं डिझाइन ठरेल.’ हा शंभर टक्के तांत्रिक प्रश्न आहे आणि खराखुरा आहे. जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीची पाठ साधारण तीन फुटांपर्यंत येते. ती रोज मागे सरकते, भिंतीवर घासते, काळ्या रेघा उमटतात. म्हणून खालचे तीन फूट तपशील ठेवूच नका. तिथे एकच गडद, सपाट रंग धरा, चित्राचीच जमीन किंवा पाणी किंवा सावली म्हणून बेतलेला. सांडलं, घासलं, खरवडलं, तर कुणीही रोलरचा एक हात मारून तो पट्टा नवा करू शकेल आणि तुमच्या चित्राला धक्का लागणार नाही. खरं चित्र चार ते सहा फुटांच्या दरम्यान असू द्या. बसलेल्या माणसाची नजर साधारण चार फुटांवर असते, उभ्या माणसाची पाचच्या आसपास. बारीक, शोधून सापडतील अशा गोष्टी तिथेच ठेवा. एखादा पक्षी जो दुसऱ्या महिन्यात दिसावा, एखादी खिडकी जी फक्त कोपऱ्यातल्या खुर्चीवरून नीट दिसावी. छतालगत जीव ओतू नका, तिकडे कुणी बघत नाही.

आता तो कोपरा. ‘रंगाखाली झाकलं जाईल’ हे वाक्य ज्यानं म्हटलं त्यानं भिंत कधी रंगवली नसावी. पांढुरके पोपडे म्हणजे भिंतीत ओल आहे. पाणी आतून बाहेर येताना क्षार घेऊन येतं, पाणी उडून जातं आणि क्षार पृष्ठभागावर फुलतो. त्यावर चढवलेला कुठलाही रंग, कितीही महाग असो, त्या क्षाराबरोबर सुटून येणार. आणि सुटेल तेव्हा बोल लागेल तो तुम्हाला, ओलीला नाही. एक सोपी तपासणी आहे. जाडसर प्लास्टिकचा दीड फूट चौरस तुकडा त्या जागी चारी बाजूंनी टेपनं हवाबंद चिकटवा आणि रात्रभर, निदान सोळा तास, तसाच ठेवा. काढताना प्लास्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला थेंब दिसले तर पाणी भिंतीतून येतंय. बाहेरच्या बाजूला ओलावा असेल तर तो खोलीतल्या दमट हवेचा. पहिलं निघालं तर पाण्याचा उगम शोधून बंद करणं, पोपडे खरवडणं, भिंत सुकू देणं, हे सगळं कंपनीचं काम आणि कंपनीचा खर्च. भिंत कोरडी झाल्याचं पाहून मगच तुमचे दिवस मोजायला लागायचे. तारीख देऊ नका म्हटलं ते यासाठी.

उरलेल्या भिंतीवरही हात फिरवा. तळव्याला पांढरी पूड लागली तर जुना डिस्टेंपर आहे किंवा रंग मेलाय. तो खरवडून, पुसून, प्रायमर मारल्याशिवाय पुढे जाऊ नका. स्पिरिटमध्ये बुडवलेला कापूस एका कोपऱ्यात चोळा: कापसावर रंग उतरला तर वरचा थर पाण्यातल्या रंगाचा आहे, नाही उतरला तर ऑइलपेंट असण्याची शक्यता मोठी, आणि तुळतुळीत ऑइलपेंटवर ॲक्रिलिक नीट धरत नाही. तो पॉलिश पेपरनं घासून योग्य प्रायमर द्यावा लागतो. गिलावा नवा असेल तर सिमेंटला पक्कं व्हायला साधारण 28 दिवस लागतात आणि तोवर त्याचा अल्कलीपणा रंगावर उठतो, तेव्हा प्रायमरही अल्कलीला टिकणारा हवा. हे कंटाळवाणं आहे, ठाऊक आहे. लिओनार्डोनं ‘लास्ट सपर’ काढताना कोरड्या भिंतीवर स्वतःचा वेगळा प्रयोग केला आणि त्याच्या समकालीनांच्याच हयातीत त्या चित्राचे पोपडे निघायला लागले. तेही एका भोजनगृहातलंच चित्र होतं!

रंग मात्र त्या खोलीतच ठरवा, घरी नाही. तुमचा टॅब्लेट स्वतः उजेड फेकतो, भिंत फक्त परत देते. स्क्रीनवर झळाळणारा निळा भिंतीवर तसा येणारच नाही. मोठ्या पुठ्ठ्यावर प्रत्यक्ष रंग लावून ते तुकडे भिंतीवर टेकवा. दुपारी बघा, मग पडदे ओढून ट्यूबलाइटखाली बघा. ऑफिसातले दिवे बहुतेक पांढरट, 4000 केल्व्हिनच्या आसपासचे असतात. घरच्या पिवळ्या उजेडात जुळवलेले दोन राखाडी तिथे एक हिरवट आणि एक जांभळट दिसू शकतो. शिवाय तळहाताएवढ्या तुकड्यावर सौम्य वाटणारा रंग जवळजवळ दोनशे चौरस फुटांवर अंगावर येतो. ‘एनर्जेटिक’ मागणाऱ्याला भडक केशरी एका जागी, थोडासा द्या. बाकी भिंत एक-दोन पायऱ्या मंद ठेवा. निऑन रंगांच्या वाटेला जाऊ नका, उजेडात ते फार लवकर उडतात. कोरडा झाल्यावर ॲक्रिलिक थोडा गडद होतो, हे मिसळताना धरून चाला. प्रत्येक रंग लागेल त्यापेक्षा जास्त करून डब्यावर नाव घाला, कारण मधेच संपलेली छटा पुन्हा तंतोतंत जमत नाही.

स्केच भिंतीवर कसं चढवायचं याची तुम्हाला सगळ्यांत जास्त धास्ती दिसते, आणि खरं तर तेच सगळ्यांत सोपं आहे. एक इंचाला एक फूट हे माप धरा: 22 इंच बाय 9 इंचांचं स्केच. म्हणजे सगळं बारापट होणार. कागदावरची एक मिलिमीटरची रेघ भिंतीवर बारा मिलिमीटरची, जवळजवळ अर्ध्या इंचाची. पुस्तकातल्या चित्रांतली तुमची ती नाजूक आडव्या-उभ्या रेघांची छटा इथे झाडूच्या फराट्यासारखी दिसेल. ती सोडून द्या आणि सपाट आकारांत विचार करा. चौकटींसाठी ओळंबा सोडून उभ्या रेघा आणि सूत मारून आडव्या रेघा घेता येतात. पण तुम्ही टॅब्लेटवाल्या आहात, तुम्हाला एक सोयीचा मार्ग आहे. भिंतीवर खडूनं वेडेवाकडे आकडे, फुल्या, गोल काढा, कुठलेही, दाट. भिंतीचा अगदी समोरून फोटो घ्या. टॅब्लेटवर त्या फोटोवर तुमचं स्केच अर्धपारदर्शक ठेवा. मग ‘नाकाचं टोक त्या सातच्या पोटात’ असं बघत रेघा उतरवत जायचं. प्रोजेक्टरही चालतो, पण तो भिंतीशी काटकोनात हवा, नाहीतर एका बाजूची माणसं लठ्ठ होतात. शिवाय टेबलं हलवून तेवढं मागे सरकायला जागा हवी.

सरळ कडांसाठी मास्किंग टेप लावाल तेव्हा टेपच्या कडेवर आधी खालच्याच रंगाचा पातळ हात फिरवा. तो टेपखालच्या फटींत शिरून त्या बुजवतो. वरचा नवा रंग मग आत झिरपत नाही आणि टेप काढल्यावर कड सुरीनं कापल्यासारखी येते. टेप रंग पुरता सुकायच्या आत, भिंतीलगत दुमडून हळू ओढा.

अग्निशामक, धोक्याची घंटा, बाहेर जायच्या वाटेची पाटी यांच्यावर रंगाचा थेंबही नको, आणि चित्र इतकं चलाख नको की त्या गोष्टी त्यात हरवतील. स्विचबोर्ड मात्र खुशाल कथेत ओढा. स्प्रेचे डबे या खोलीत आणूच नका. पाण्यातले, कमी वासाचे रंग घ्या आणि शक्यतो सुट्टीच्या दिवसांत काम धरा. उंचीसाठी घडीची परांची मागा. टेबलावर स्टूल ठेवून चढायचा सल्ला कुणीतरी देईलच, तो ऐकू नका.

काम सुरू झालं की पाठीमागे माणसं उभी राहणार. पहिल्या हातानंतर कुठलंही भित्तिचित्र भयंकर दिसतं, त्यात काही नवल नाही. पण त्याच दिवशी समितीतला एक जण कप घेऊन येतो, मान तिरकी करतो आणि ‘हे असंच राहणार?’ म्हणतो. त्यावर उपाय म्हणून मंजूर झालेलं स्केच छापून, त्याखाली मंजुरीची सही आणि ‘काम चालू आहे’ एवढं लिहून दारावरच लावा. बोट तिकडे दाखवायचं आणि ब्रश चालू ठेवायचा. सफाईवाल्या मावशींनी काही म्हटलं तर मात्र थांबून ऐका, त्या भिंतीशी सगळ्यांत जास्त संबंध त्यांचा येणार आहे.

सातांची समिती सातच राहू द्या, पण सही एकाचीच. करारात एका व्यक्तीचं पद लिहून घ्या, जिची मंजुरी अंतिम. स्केचमधले बदल दोनदा, त्यापुढे वेगळे पैसे; भिंतीला रंग लागल्यावर बदल नाहीत. पैसे तीन टप्प्यांत: काम ठरताना, स्केच मंजूर झाल्यावर, काम पुरं झाल्यावर. ‘आवडलं नाही तर पैसे नाहीत’ अशी ओळ दिसली तर ती खोडल्याशिवाय सही करू नका. लोगोवर भांडण नको. तो चित्रात मावेल तितका लहान, दाराजवळ, तीन फुटांच्या वर ठेवा आणि स्केचमध्येच दाखवा.

मंजूर स्केच तुमची ढाल आहे आणि ते तुम्हालाही बांधतं. त्याच रिव्हेरानं 1933 मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरमध्ये, म्हणजे कार्यालयांच्याच इमारतीत, स्केचमध्ये नसलेला कम्युनिस्ट नेता लेनिनचा चेहरा भिंतीवर आणला आणि तो काढायला नकार दिला. मे महिन्यात काम थांबवलं गेलं, ठरलेला मोबदला पूर्ण दिला गेला आणि फेब्रुवारी 1934 मध्ये ते चित्र फोडून टाकलं. त्याची बाजू घ्यावी की मालकांची, यावर आजही वाद घालता येईल. माझं मन त्याच्या बाजूनं झुकतं, पण भिंतीवर काय करायचं नव्हतं हे त्याला माहीत होतं, हेही खरं. स्केचबाहेरचं काही सुचलं तर आधी दाखवा. तुमचा मोबदला सुरक्षित राहिला म्हणून चित्र सुरक्षित राहतंच असं नाही.

चित्र पुसण्याबद्दलही आताच लिहून घ्या, कारण ऑफिसं जागा बदलतात. भारतीय कॉपीराइट कायद्याच्या कलम 57 नुसार कॉपीराइट देऊन टाकल्यावरही कृती आपली म्हणवण्याचा आणि तिची मोडतोड होण्याला हरकत घेण्याचा हक्क कलाकाराकडे राहतो. दिल्लीतल्या विज्ञान भवनातलं शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं भव्य ब्राँझ म्युरल 1979 साली उतरवून गोदामात टाकलं गेलं; 2005 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं याच कलमाखाली त्यांच्या बाजूनं निकाल दिला. तारखा बघितल्यात ना? इतकी वर्षं कोर्टात घालवण्यापेक्षा करारात एक ओळ घाला: भिंत पुन्हा रंगवायची झाल्यास तीस दिवस आधी कळवावं, म्हणजे नीट फोटो घेता येतील. एवढ्याला सहसा कुणी नाही म्हणत नाही.

आणि हो, सही करायची. उजवीकडे, खालच्या गडद पट्ट्याच्या वर, तळहाताएवढी, चित्रातल्याच एखाद्या रंगात, वर्षासकट. रंग वरून कोरडा लागला तरी आतून सुकायला काही दिवस द्या, मग मॅट वॉर्निश पातळ हातानं दोनदा. जाड थर दिला तर गडद भागांवर धुकं आल्यासारखं दिसतं. फर्निचर परत लागायच्या आधी दिवसाउजेडी फोटो काढून घ्या. खालच्या पट्ट्याच्या रंगाचा एक सीलबंद डबा, त्यावर कंपनी, छटा आणि नंबर लिहून, ॲडमिनकडे द्या, पोच घ्या, आणि शेवटच्या टप्प्याचं बिल त्याच दिवशी पाठवा.